मोजणारा बोलत नाही

राजा-राणी, मोठे राजपुत्र, आर्चबिशप यांना २५ गुल्डन. मठाधिपती, काउंट, बॅरन यांना १०. त्याखालच्या सरदार मंडळींना ६. व्यापारी आणि खात्यापित्या नागरिकांना ३. कारागिराला १. त्याहून गरिबाला अर्धा. आणि ज्याच्याकडे दमडीही नाही त्याने उपासतापास करावेत, प्रार्थना म्हणाव्यात. स्वर्गाचं दार गरिबाला बंद नाही, फक्त रांग वेगळी आहे.

हे दरपत्रक एखाद्या देवस्थानाच्या विशेष दर्शनाचं असावं अशी शंका तुम्हाला आली असेल, तर तो तुमच्या अनुभवाचा दोष. दरपत्रक जर्मनीतलं आहे, सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने आपल्या फिरत्या प्रवचनकारांना ज्या लेखी सूचना दिल्या त्यांत ते आहे. विक्रीचा माल म्हणजे पापमुक्तिपत्र. ते घेतलं की मेल्यानंतर शुद्धिस्थानात भोगायची शिक्षा माफ. स्वतःची माफ करून घ्या, नाहीतर गेलेल्या आईवडिलांची. पाप सगळ्यांचं सारखं, दर मात्र ऐपतीप्रमाणे. आयकर खात्याला टप्पे पाडायला पुढे काही शतकं लागली.

शाळेच्या इतिहासात हे प्रकरण अर्ध्या पानात उरकतं. टेट्झेल नावाचा धर्मगुरू पापमुक्तिपत्रं विकत हिंडत होता, मार्टिन ल्यूथर संतापला, ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने ९५ मुद्दे मांडले, धर्मसुधारणेची चळवळ सुरू झाली. टेट्झेल लबाड, ल्यूथर शूर, पाच मार्क. या गोष्टीतून एक माणूस मात्र हमखास गळतो. गोळा झालेले पैसे ज्याच्याकडे जायचे तो. नाव याकोब फुगर, गाव आउग्सबुर्ग, धंदा सावकारी.

हा फुगर म्हणजे गल्लीतला व्याजबट्टेवाला नव्हे. आजोबा विणकर, खेड्यातून शहरात आलेले. घरच्यांनी याला चर्चच्या सेवेत घालायचं ठरवलं होतं. ते राहिलं आणि पोरगा व्हेनिसला जाऊन हिशेब शिकून आला. पुढे तिरोलच्या आर्चड्यूकला कर्ज देऊन तारणात तिथली चांदी उचलली. हंगेरीच्या खाणींतलं तांबं हातात घेतलं. पोपची नाणी पाडायची रोममधली टांकसाळही काही काळ याच्याकडे होती. कंपनीची खूण त्रिशूळ. २००८ साली नामिबियाच्या किनाऱ्यावर एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. बहुधा १५३३ साली लिस्बनहून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे निघून बुडालेलं ते ‘बोम जेझुस’. त्यात तांब्याच्या १८०० हून अधिक वड्या होत्या आणि त्यांवर हा फुगरांचा त्रिशूळ. मिरी घ्यायची आणि तांबं द्यायचं, असा तो व्यवहार. फुगर स्वतः तोवर वारला होता, पण सावकाराचा माल त्याच्या मागेही प्रवास करतोच. शतकाच्या अखेरीस तर फेर्डिनांड क्रोन नावाचा फुगर-वेल्सर कंपन्यांचा मुनीम थेट गोव्यात मुक्काम ठोकून बसला होता. तेव्हा ‘हे सगळं लांबचं आहे’ असं समजून पान उलटू नका.

तर आल्ब्रेख्ट. ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातला धाकटा. १५१३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, माग्डेबुर्गचा आर्चबिशप झाला आणि त्यासोबत हाल्बरश्टाटचा कारभारीही. बिशप व्हायला धर्मशास्त्राप्रमाणे तीस वर्षं पुरी लागतात. एका माणसाने एकाच गादीवर बसावं असाही नियम होता. पुढच्याच वर्षी माइन्झची गादी रिकामी झाली. माइन्झचा आर्चबिशप हा पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडणाऱ्या सात मतदारांपैकी एक, त्यामुळे ब्रांडेनबुर्गकरांना ती हवीच होती. पण माइन्झची अवस्था बिकट. दहा वर्षांत तीन आर्चबिशप वारले होते आणि दर वेळी नव्याच्या मान्यतेसाठी रोमला मोठी फी भरून तिथली तिजोरी रिकामी झाली होती. आल्ब्रेख्ट म्हणाला, फी मी भरतो. झाला आर्चबिशप.

आता वय कमी आणि गाद्या तीन, म्हणजे रोमकडून खास सवलत आली, आणि सवलत म्हटल्यावर तिचीही वेगळी किंमत आली. इथे एक आख्यायिका सांगतात. रोमवाले म्हणाले, बारा प्रेषित म्हणून १२,००० ड्युकॅट. आल्ब्रेख्टची माणसं म्हणाली, सात महापापं म्हणून ७,०००. शेवटी दहा आज्ञांच्या नावाने १०,००० वर तुटलं. खरं-खोटं देव जाणे, पण घासाघीस करताना दोन्ही बाजूंनी शास्त्राचा आधार सोडला नाही हे विशेष. फी आणि सवलत धरून आल्ब्रेख्टने फुगरकडून सुमारे २९,००० गुल्डन कर्ज काढलं.

एवढं फेडायचं कसं? तोड रोममध्येच निघाली. पोप दहावा लिओ हा फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातला, म्हणजे मुळात पेढीवाल्यांच्याच घरातला. त्याला सेंट पीटरचं भव्य चर्च बांधायचं होतं. ठरलं असं की आल्ब्रेख्टने आपल्या मुलखात पापमुक्तिपत्रांची विक्री करू द्यावी, अर्धी रक्कम चर्चच्या बांधकामाला जावी आणि अर्धी आल्ब्रेख्टच्या कर्जाला. लोकांना सांगायचं ते फक्त पहिल्या अर्ध्याचं. माझ्या मते या कथेतली खरी कलाकुसर इथे आहे. कर्ज देणारा एक, घेणारा दुसरा आणि फेडणारा तिसराच. त्या तिसऱ्याला आपण कुणाचं कर्ज फेडतोय याचा पत्ताच नाही, उलट आपल्या बापाच्या आत्म्याला आपण सोडवलं या समाधानात तो घरी जातो. कर्जवसुलीचा एवढा हसतमुख प्रकार नंतरच्या पाचशे वर्षांत फारसा झाला नसेल.

अशी वसुली लाठीने होत नाही, तिला जीभ लागते. ती योहान टेट्झेलकडे होती. डोमिनिकन पंथाचा साधू, या कामात मुरलेला. त्याची स्वारी गावात येण्याची तऱ्हाच बघण्यासारखी होती. आधी वर्दी जायची. मग वेशीवर गावचे मानकरी, धर्मगुरू, शाळेतली पोरं, बायाबापड्या मेणबत्त्या घेऊन सामोऱ्या जायच्या. चर्चच्या घंटा वाजायच्या. पोपचं फर्मान भरजरी गादीवर ठेवून मिरवत आणलं जायचं. चर्चच्या मध्यभागी मोठा लाल क्रूस उभा राहायचा, त्यावर पोपची निशाणी. मग टेट्झेल व्यासपीठावर चढायचा. मेलेले आईबाप आगीत होरपळतायत, तुम्हाला हाका मारतायत, तुम्ही मात्र चार नाणी घट्ट धरून बसलाय, या चालीवर तो बोलायचा. पेटीत पडणाऱ्या नाण्याचा आवाज आणि वर उडणारा आत्मा यांची यमकात सांगड घालणारी एक जाहिरात त्याच्या नावाला कायमची चिकटली आहे. ल्यूथरने आपल्या २७ व्या मुद्द्यात तिचाच समाचार घेतला. मेलेल्याच्या सुटकेसाठी पैसे देणाऱ्याला स्वतः पश्चात्ताप करायचीही गरज नाही, असं आल्ब्रेख्टच्या सूचनांतच होतं. म्हणजे ग्राहकाला कसलाही त्रास नको, फक्त रोकड.

क्रूस, घंटा, मेणबत्त्या हे सगळं पुढे. मागे पेटीपाशी फुगरचा माणूस. पेटीच्या चाव्यांपैकी एक त्याच्याकडे. तो प्रवचन देत नव्हता, रडत नव्हता, कुणाला नरकाची भीती घालत नव्हता. पेटी उघडली की मोजायचा आणि लिहून घ्यायचा. समोरच्या गर्दीतल्या एकालाही तो लक्षात राहिला नसेल.

ल्यूथरचं विटेनबर्ग ज्याच्या अंमलाखाली होतं त्या सॅक्सनीच्या फ्रेडरिकने टेट्झेलला आपल्या हद्दीत बंदी केली होती. तत्त्वाचा माणूस म्हणून त्याचं कौतुक करायच्या आधी दोन गोष्टी ऐका. माग्डेबुर्गची गादी आल्ब्रेख्टच्या आधी फ्रेडरिकच्या सख्ख्या भावाकडे होती, ती आता ब्रांडेनबुर्गकडे गेली. दुसरं म्हणजे फ्रेडरिकचं स्वतःचं दुकान होतं. त्याच्याकडे संतांच्या अवशेषांचा संग्रह होता. १५२० पर्यंत त्यात १९,००० हून अधिक नग झाले होते. सेंट ॲनचा अंगठा होता, येशूच्या गोठ्यातलं गवत होतं. सगळ्यांचं दर्शन घेऊन रीतसर दान टाकलं तर शुद्धिस्थानातली सुमारे १९ लाख वर्षं वाचत. दर्शनाचा मोठा दिवस १ नोव्हेंबर. आपल्या गिऱ्हाइकाने पैसे शेजारच्या दुकानात उधळू नयेत ही काळजी कुणाला नसते? तरी विटेनबर्गचे लोक हद्द ओलांडून युटरबोगला जायचेच, आणि परत येऊन ल्यूथरला पावत्या दाखवायचे.

ल्यूथरने आपले मुद्दे ३१ ऑक्टोबरला पत्रासोबत खुद्द आल्ब्रेख्टला पाठवले. माणूस भाबडा. आर्चबिशपला आपल्या नावावर काय चाललंय ते ठाऊक नसेल, कळलं की तो थांबवेल, असं त्याला वाटलं. वरिष्ठाला माहीत नसतं, मधलेच खातात, हा समज प्रत्येक काळातल्या प्रामाणिक माणसाचा असतो. आल्ब्रेख्टने पत्र रोमला धाडलं. ८६ व्या मुद्द्यात ल्यूथर विचारतो की पोप एवढा श्रीमंत आहे तर गरिबांच्या पैशांऐवजी स्वतःच्या पैशाने चर्च का बांधत नाही. आता या प्रश्नाचं उत्तर आल्ब्रेख्ट कोणत्या तोंडाने देणार? अर्धे पैसे चर्चला जातच नाहीत, हे त्यालाच सांगावं लागलं असतं. १५१८ साली त्याला बढती मिळाली. तो कार्डिनल झाला. तक्रार करणाऱ्यावर त्याच वर्षी रोमने चौकशी लावली. जाब द्यायला त्याला आउग्सबुर्गला बोलावलं, आणि पोपच्या दूतापुढे ही झडती झाली ती चक्क फुगरच्या हवेलीत.

ल्यूथरही जिभेचा कमी नव्हता. लॅटिनमधले मुद्दे पंडितांपुरते. १५१८ मध्ये त्याने पापमुक्तिपत्रांवर साध्या जर्मनमध्ये छोटं चोपडं लिहिलं आणि ते दोन वर्षांत वीसेक वेळा छापलं गेलं. छापखानेवाल्यांची चांदी झाली. तेव्हा सत्यालाही खपाची गरज लागते आणि खपवणाऱ्याचं पोट त्यावर भरतं, यात वाईट काहीच नाही. टेट्झेलनेही उत्तरादाखल मुद्दे छापून पाठवले. विटेनबर्गच्या विद्यार्थ्यांनी ते विकणाऱ्याला गाठलं आणि ८०० प्रती जाळून टाकल्या. वैचारिक स्वातंत्र्याची चळवळ सुरू झाली होती ना.

१५१९ चा उन्हाळा तर बघण्यासारखा आहे. १२ जानेवारीला सम्राट माक्सिमिलियन वारला आणि गादी लिलावात निघाली. एका बाजूला त्याचा नातू, स्पेनचा राजा चार्ल्स, वय १९. दुसऱ्या बाजूला फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस. मतदार सात. निवडणुकीत आचारसंहिता नव्हती, म्हणजे निदान ढोंग तरी नव्हतं. चार्ल्सचा एकूण खर्च साडेआठ लाख गुल्डनच्या घरात गेला. त्यांतले सुमारे ५,४३,००० एकट्या फुगरने उभे केले, बाकीचे वेल्सर आणि इटालियन पेढ्यांनी. मतदार राजाच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. सम्राट होऊ घातलेल्या माणसाचा शब्द चालत नाही, सावकाराची हुंडी चालते, हे त्या सात थोर पुरुषांनी एकमुखाने ठरवलं. पैसे मत दिल्यावर मिळणार होते. आल्ब्रेख्टच्या वाट्याला लाखभर गुल्डन आले. शिवाय फ्रांकफुर्टजवळ भाड्याचं सैन्यही उभं होतं, त्याचाही पगार याच खात्यातून. २८ जूनला चार्ल्स एकमताने निवडून आला. त्या दिवशी आल्ब्रेख्टला २९ वर्षं पुरी झाली. एवढा महागडा वाढदिवस कुणाचा झाला असेल?

आणि आता गंमत ऐका. स्लायडान या इतिहासकाराने या बैठकीचा जो वृत्तांत लिहून ठेवला आहे त्यात आल्ब्रेख्टचं मोठं भाषण आहे. कायदा परक्याला सम्राट करू देत नाही, फ्रान्सचा राजा परका, चार्ल्स आपल्या रक्ताचा, असा त्याचा सूर. ज्या चार्ल्सला धड जर्मन बोलता येत नव्हतं तो आपल्या मातीतला. लाखभर गुल्डन पोटात गेल्यावर मातीचं प्रेम असं उफाळून येतं. आपल्याकडेही येतं, पण आपण निदान भाषण आधी करतो.

या निवडणुकीच्या आदल्याच दिवशी, २७ जूनला, लाइपझिगमध्ये दुसरा जिभेचा सामना सुरू झाला. धर्मपंडित योहान एक (‘एक’ हे आडनाव) विरुद्ध विटेनबर्गकर. काही दिवसांनी ल्यूथर स्वतः उभा राहिला आणि एकने त्याला पोपच नव्हे, धर्मपरिषदासुद्धा चुकू शकतात, हे कबूल करण्याच्या कोपऱ्यात ढकललं. एक वादविवादात खरोखर पटाईत होता. त्याची तयारी कुठे झाली होती ते इथे महत्त्वाचं. चार वर्षांपूर्वी, १५१५ मध्ये, हाच एक बोलोन्याच्या विद्यापीठात जाऊन जाहीर वाद घालून आला होता. विषय होता, ठेवीवर पाच टक्के व्याज घेणं पाप आहे का? एकचं म्हणणं, नाही. प्रवासखर्च फुगरचा. चर्च व्याजाला पाप म्हणत असताना व्याजावर जगणाऱ्या माणसाने एक पंडित पदरी बाळगावा हे समजण्यासारखं आहे. आपल्याला उगाच वाटतं की तज्ज्ञांची मतं विकत घेण्याची प्रथा सिगारेट कंपन्यांनी सुरू केली.

त्याच लाइपझिगमध्ये, त्याच दिवसांत, टेट्झेल मठातल्या खोलीत आजारी पडून होता. लोक नाव काढत नव्हते. रोमच्या दूताने त्याच्यावरच ठपका ठेवला होता. ११ ऑगस्टला तो वारला. शेवटच्या दिवसांत त्याला धीर देणारं पत्र आलं ते ल्यूथरचं: स्वतःला त्रास करून घेऊ नको, हे प्रकरण तू सुरू केलेलं नाहीस, त्याचा बाप दुसराच आहे, असा त्याचा आशय. ज्याच्यावर तुटून पडला त्याच्याबद्दल हे म्हणायला मोठं मन लागतं, आणि मुख्य म्हणजे हिशेब नीट कळावा लागतो. १५२० मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तकात ल्यूथरने फुगर आणि तसल्या कंपन्यांच्या तोंडाला लगाम घाला, असं नाव घेऊन सांगितलं. सरदारांनी ते पुस्तक आवडीने वाचलं. चर्चच्या जमिनी ताब्यात घ्यायला ते उपयोगी पडणार होतं. लगामाचं पान बहुधा वाचायचं राहिलं.

१५२१ साली वोर्म्सच्या सभेत ल्यूथर उभा राहिला तो चार्ल्ससमोर. फुगरच्या कर्जाच्या वसुलीवर बोट ठेवणाऱ्याचा निवाडा फुगरच्या कर्जावर निवडून आलेल्या माणसाने केला. ल्यूथर माघार घेत नाही म्हणाला, सम्राटाने त्याला कायद्याबाहेर टाकलं, आणि इतिहासात दोघांचीही तैलचित्रं झाली. चित्रात मुनीम नाही.

फुगर तोंड उघडायचा ते क्वचितच, आणि तेही पत्रात. १५२३ मध्ये चार्ल्सकडून हप्ते थकले तेव्हा त्याने सम्राटाला लिहिलं की माझ्या मदतीवाचून आपल्याला हा मुकुट मिळाला नसता हे जगजाहीर आहे, तेव्हा व्याजासकट रक्कम फेडण्याचा हुकूम व्हावा. सम्राटाला असं लिहिणारा दुसरा माणूस त्या काळात तुरुंगात गेला असता. याच सुमारास साम्राज्याच्या सभेत मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध गहजब चालू होता, खटले गुदरले जात होते. आउग्सबुर्गचा विद्वान वकील कोनराड पॉयटिंगर कंपन्यांच्या बाजूने युक्तिवाद लिहीत होता: व्यापाऱ्याचा फायदा हाच सगळ्यांचा फायदा. हा युक्तिवाद अजून वापरात आहे. पत्र पोचलं, सम्राटाने खटल्यांत लक्ष घातलं, कारवाई थंडावली. कर्जापोटी स्पेनमधल्या जमिनींचा वसूल आणि आल्मादेनच्या पाऱ्याच्या खाणी फुगरांकडे आल्या.

अर्धा गुल्डन देणाऱ्यांचं काय झालं? १५२४-२५ मध्ये जर्मन शेतकरी उठले. ल्यूथरचे शब्द त्यांनी मनावर घेतले होते. ल्यूथरने मात्र त्यांच्याविरुद्ध इतकं जहाल चोपडं लिहिलं की त्याचे मित्रही चपापले. शेतकऱ्यांना कापून काढणाऱ्या सैन्याच्या पगाराला फुगरनेही हातभार लावला. या एका बाबतीत ल्यूथर आणि सावकार यांचं एकमत झालं. हजारो मेले.

फुगर ३० डिसेंबर १५२५ रोजी आपल्या अंथरुणात, शांतपणे गेला. पुढे १५५७ मध्ये चार्ल्सच्या मुलाने, दुसऱ्या फिलिपने, देणी थांबवून फुगरांना चांगलंच बुडवलं, पण तो पुतण्याचा प्रश्न होता.

जर्मनीत टेट्झेलचं नाव आजही भोंदूगिरीसाठी घेतात. फुगरचं नाव आउग्सबुर्गमध्ये एका वसाहतीवर आहे: फुगराय. गरीब, पण कष्टाळू आणि कॅथलिक कुटुंबांसाठी त्याने ती बांधवली, दानपत्र १५२१ चं. बोलणाऱ्याला शिव्या आणि मोजणाऱ्याला स्मारक, ही वाटणी इतिहासाने केलेली नाही. फुगरने हयातीतच करून ठेवली. भाडं वर्षाला एक ऱ्हेनिश गुल्डन, आणि जोडीला अट: राहणाऱ्याने रोज तीन प्रार्थना म्हणायच्या, संस्थापकाच्या आणि त्याच्या घराण्याच्या आत्म्यासाठी. मेल्यानंतरच्या शिक्षेचा बंदोबस्त टेट्झेलच्या कागदावर त्याने सोडला नाही. वसाहत अजून भरलेली आहे. भाडं आजच्या हिशेबात वर्षाला ८८ सेंट, प्रार्थना अजून चालू. बाहेरून बघायला येणाऱ्याला तिकीट पडतं, आणि एका तिकिटाच्या पैशात आतल्या माणसाचं कित्येक वर्षांचं भाडं निघतं.